काजूच्या बागेतलं मेलेलं माकड: हात लावू नका

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. बागेच्या कडेला माकड मरून पडलंय, वास सुटलाय, बोंडू वेचायची घाई, तर ओढून खड्ड्यात टाकू का विचारताय. अजिबात नको! मी नेमकं हेच केलेलं.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ ला माकडताप, म्हणजे गोचडी चावून होणारा ताप, आला त्यानंतरची गोष्ट. एका ऑफिसात फोन केला, ते म्हणे हे आमच्याकडे येत नाही, दुसरीकडचे म्हणे साहेब मीटिंगला गेलेत, अर्ज आणून द्या. माकड मेल्याचा अर्ज! तीन दिवस असेच गेले, चौथ्या दिवशी वैतागून मीच दोरी बांधून ओढलं, लुंगीवर, पायात चप्पल. संध्याकाळी पोटरीवर तिळाएवढे काळे ठिपके, गोचडीची पिल्लंच ती, नखाने काढून फेकले. सहाव्या दिवशी १०३ ताप. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, प्लेटलेट खाली, आणि डॉक्टरांना माकडाचं मी बोललोच नाही, सगळ्यात महागात पडलं ते हेच. बरं वाटलं म्हणून कामाला लागलो तर आठवड्याने ताप उलटला, डोळ्यांना उजेड सोसवेना.

माकड गार पडलं की अंगावरच्या गोचडी पातेऱ्यात, म्हणजे खाली पडलेल्या पाल्यात, उतरतात, म्हणून खरा धोका त्या जागेत. उगाच माकडांवर बंदूक काढू नका, ती बिचारी आपल्या आधी मरतात, तेवढीच आपल्याला सूचना. माकडतापाचा विषाणू १९५७ ला कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला, गोचडीत आणि उंदीर-चिचुंद्र्यांत तो फिरत असतो. आपण जंगल तोडून बागा केल्या, कडेला गुरं सोडली, मोठ्या गोचडी गुरांवर पोसल्या, आणि त्यांची पिल्लं चावरी होतात ती नेमकी काजूच्या हंगामात. कर्नाटकातल्याच बेळतंगडीत १९८२-८३ ला काजू लावायला जंगल साफ केलं त्यानंतर मोठी साथ आली होती. मी पण काजूवालाच, जास्त काय बोलणार.

मी डॉक्टर नाही, पण माकड पडलंय त्या पट्ट्यात कुणाला पाठवू नका, गुरं तर नाहीच, गोठ्यात अंथरायला तिथला पातेरा आणू नका. आरोग्य केंद्रात स्वतः जाऊन सांगा आणि पोचपावती घ्या, फोनवर विसंबू नका. डेपा तेल (गोचडी दूर ठेवणारं) मिळालं तर ते लावून, गमबूट घालूनच बाकीच्या बागेत उतरा, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडेही गरम पाण्यात. तुमच्या वहिनींना कणकण आहे लिहिलंय ना, त्यांना आजच न्या, आणि केसपेपर काढतानाच माकडाचं सांगा.