नोटा काउंटरवर दिसल्याशिवाय खात्यातनं पैसे कापू देऊ नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या सांगलीतली एक शाखा डोळ्यासमोर आली. तुम्ही लिहिलंय, तुमचे आई-बाबा बहिणीकडे जर्मनीला चाललेत, साताऱ्यातली बँक म्हणतीय फॉर्म भरा, पैसे आत्ताच कापून घेतो, युरो मागवतो. त्यातल्या 'पैसे आत्ताच कापून घेतो' ह्याला साफ नाही म्हणा.

पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, पॅन ह्या कागदपत्रांच्या तपशिलात मी जात नाही, ते तुम्हाला माहीतच असणार.

आमच्याकडं काय झालं, बँकेचं नाव घेत नाही. बाहेर परकीय चलनाचा बोर्ड, आत नोटा नसतातच, वरच्या ऑफिसातनं येतात. बरं येऊ देत, पण तसं सांगा की! साहेबांनी ए-टू फॉर्मवर (परकीय चलन मागायचा अर्ज) सह्या घेतल्या, त्या दिवशीच्या रेटनं रक्कम कापली आणि म्हणाले फोन करतो. फोन कुठला येतोय. गेलं की "पार्सल निघालंय". गुरुवारपर्यंत पार्सल निघतच होतं, शुक्रवारी सुट्टी, शनिवार नेमका दुसरा, मग रविवार, आणि सोमवारी रात्री मुंबईहून विमान. सोमवारी सकाळी काउंटरवर गेलो तर साहेब रजेवर, शेजारच्या मॅडम म्हणाल्या पाहिजे तर कॅन्सल करा. केलं. तर पैसे परत कशानं, बँकेच्या खरेदीच्या रेटनं! म्हणजे ज्या नोटा आम्ही बघितल्यासुद्धा नाहीत त्या आम्ही बँकेला परत विकल्या असा हिशेब, दोन रेटमधला फरक गेला, जीएसटी गेला, आणि उरलेले जमा झाले आम्ही तिकडं पोचल्यावर. शेवटी विमानतळावर युरो घेतले, तिथला रेट विचारूच नका. तक्रारीला उत्तर आलं, "कार्यवाही प्रक्रियेनुसार झाली आहे". ३० दिवसांत धड उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, पण मी कंटाळून सोडलं. असो, बीपी वाढतंय.

तर शाखेत एकच विचारा, नोटा आत्ता तिजोरीत आहेत का, नसतील तर कधी येणार ते ईमेलवर द्या. ईमेल म्हटल्यावर तोंड वाकडं झालं तर तिथनं उठा. सरळ परवानाधारक मनी चेंजर, म्हणजे चलन बदलून देणारा, गाठा, पुण्याला कुणी जाणार असेल तर त्याच्याकडनं चौकशी करून घ्या. प्रवासाच्या ६० दिवस आधीपर्यंत चलन घेता येतं, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

माझं मत विचाराल तर रोख थोडीच घ्या, बाकी फॉरेक्स कार्डवर, म्हणजे आधीच परकीय चलन भरून घेतलेल्या कार्डावर. नियमानं माणशी ३,००० डॉलरइतक्या नोटा नेता येतात पण एवढं घेऊन म्हातारी माणसं कुठं सांभाळत बसणार. आणि नोटा १० आणि २० च्या मागा, ५० पर्यंत ठीक. २०० ची नोट बेकरीत दिली तर बाई आधी नोटेकडं बघते, मग तुमच्याकडं. ५०० ची देत असतील तर घेऊच नका, २०१९ पासनं ती नवीन काढतच नाहीत, चालते कायद्यानं पण दुकानदार नको म्हणतात. तिकडं रोखीचं प्रस्थ अजून बरंच आहे बरं का, छोट्या हॉटेलात कार्ड चालत नाही, स्टेशनवरच्या टॉयलेटला सुट्टी नाणी लागतात. उरलेली नाणी इथं कुठली बँक घेत नाही, बहिणीकडंच ठेवून या.

गुगलवरचा रेट दाखवून भांडू नका, तो कुणीच देत नाही. नोटा विक्रीचा रेट विचारा, परदेशी खात्यात पैसे पाठवायचा, ट्रान्सफरचा, वेगळा असतो आणि स्वस्त दिसतो. एक लाखाच्या व्यवहाराला जीएसटी १८० रुपये, जास्त लावला तर पावती दाखवायला सांगा. ५० हजार किंवा वर असेल तर रोख देऊ नका, घेणारही नाहीत, चेक नाहीतर खात्यातनं. तिकडं कार्ड मारताना मशीन रुपये का युरो विचारतं, युरोच दाबायचं, हे आई-बाबांना दोनदा सांगा.

मी बँकवाला नाही, नियम बदलतात, टीसीएसचं (विक्रीच्या वेळीच वसूल होणारा कर) तर दर बजेटला काहीतरी नवीन असतं, ते सीएला विचारा. आणि विमान कधीचं आहे ते लिहा, दुसरा-चौथा शनिवार मध्ये येतोय का बघू.