लेस्टरमध्ये शोभेची वस्तू, सांगलीत हत्यार

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा, गेली बारा वर्षं लेस्टरमध्ये राहतो. आमचे वृद्ध इंग्रज शेजारी वारले. मृत्युपत्रात त्यांनी घराण्यातली शिकारीची बंदूक माझ्या नावे ठेवली आहे. ठासणीची, एकनळी, साधारण १८१५ ची. सोबतच्या कागदावर ‘मुळात गारेची, नंतर केपाची केली’ अशी नोंद आहे. घोडा पडतो, नळीही शाबूत आहे. बंदुकीत फेरफार करणं गुन्हा असतो म्हणतात. शिवाय दिवाळीत ती सांगलीला नेऊन आप्पांच्या दिवाणखान्यात लावायची इच्छा आहे. परवाना लागेल का?

उत्तर : फेरफाराची धास्ती आधी मनातून काढा. गारेच्या बंदुकीत गारगोटीच्या ठिणगीनं आधी रंजक (नळीबाहेरच्या वाटीतली चिमूटभर दारू) पेटायचं, मग नळीतली दारू. पावसात रंजक ओलं व्हायचं आणि कोरड्या दिवशीसुद्धा त्याचा भपका दिसताच पाखरं उडून जायची. या त्रासातूनच स्कॉटलंडमधले धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी आघातानं पेटणारं मिश्रण वापरायची युक्ती काढली आणि १८०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे घोड्याच्या आघातानं पेटणाऱ्या तांब्याच्या टोप्या, म्हणजेच केप, आल्या. चांगली नळी कोण टाकून देणार? मालक बंदूक कारागिराकडे नेत. तो रंजकाची वाटी काढून घोडा बदलायचा आणि नळीच्या कानात, म्हणजे ठिणगी आत जायच्या भोकात, टोपी बसवायची बोंडी घालायचा. तुमच्या बंदुकीच्या घोड्याजवळच्या पट्टीवर बुजवलेली भोकं दिसली, तर ती त्याच कामाची खूण. ती घासू नका. बंदुकीचा इतिहास तिथंच आहे.

इंग्लंडच्या कायद्याला या बदलानं फरक पडत नाही. १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टच्या कलम ५८ मध्ये, कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू म्हणून बाळगलेल्या पुरातन बंदुकीला सूट आहे. पुरातन कशाला म्हणायचं हे २०२१ च्या नियमांनी ठरवलं : १ सप्टेंबर १९३९ पूर्वी बनलेली हवी, आणि सुटी दारू व गोळी तोंडाकडून ठासायची बंदूक त्यात बसते. गार असो वा केप, तुमची बंदूक ठासणीचीच राहिली. भिंतीवर लावा, परवाना नको. मृत्युपत्राची प्रत आणि तो जुना कागद मात्र जपा. एकदा उडवून बघायचा विचार आला, तर ती शोभेची वस्तू राहिली नाही. मग शॉटगनचं प्रमाणपत्र हवं आणि काळ्या दारूसाठी स्फोटकांचं वेगळं. भरलेली बंदूक विनाकारण रस्त्यावर नेली, तर तिचं वय कोणी विचारणार नाही.

आता सांगली. इथं मी तुम्हाला स्पष्ट ‘नको’ म्हणणार आहे. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमातही कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या, पुरातन मोलाच्या हत्यारांना सूट आहे, आणि लोक तेवढंच वाचून थांबतात. पुढची अट अशी की ते हत्यार दुरुस्त करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसावं. तुमच्या बंदुकीचा घोडा पडतो, नळी शाबूत आहे असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे भारतात ती साधी बंदूक. आणायला कलम १० खाली परवाना, बाळगायला कलम ३ खाली वेगळा परवाना. विनापरवाना बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन, कमाल पाच वर्षं कैद आणि दंड. आणि बंदूक ज्यांच्या भिंतीवर, ताबा त्यांचा. तुम्ही लेस्टरला परत गेल्यावर पोलीस आप्पांच्या दारात येतील.

नळीत शिसं ओतून किंवा वेल्डिंग करून ती निकामी करावी असं कोणी सुचवेल. कृपा करून तसं करू नका. दोनशे वर्षं टिकलेली वस्तू कायमची मोडून आप्पांना काय दाखवणार? त्यांना चांगला मोठा फोटो फ्रेम करून द्या.

आणखी एक काम आजच करा. जुन्या ठासणीच्या बंदुका कधी कधी भरलेल्याच सापडतात. घोड्याला हात न लावता, तोंडासमोर न येता, लाकडी काठी नळीत अलगद टेकेपर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा आणि काठी बाहेरून नळीला लावून पाहा. ती बोंडीपर्यंत पोचली नाही, तर आत बार (दारू आणि गोळी) आहे असं समजा. तो स्वतः उकरू नका. बंदुकीच्या जाणत्या कारागिराला फोन करा आणि त्यांना घरी बोलवा.