कवळीची क्रीम किती लावायची?

प्रश्न: आईची खालची कवळी भरीत-भाकरी खाताना उचकते, म्हणून ती चिकटवायची क्रीम दिवसातून तीनदा भरपूर लावते, चालतं का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर: नाही हो, जास्त लावलं की घट्ट बसत नाही, उलट बाहेर येऊन पोटात जातं. कवळी धुवून पुसायची, वाटाण्याएवढे ३-४ ठिपके कडेपासून आत लावायचे आणि थोडा वेळ दाबून धरायची, दिवसातून एकदा पुरे. ट्यूबवर झिंक लिहिलंय का बघा, वर्षानुवर्षं जास्त पोटात गेलं तर शरीरातलं तांबं कमी होतं अन् हातपाय बधिर होतात, हे हलक्यात घेऊ नका. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा, भरताच्या बिया खाली अडकतातच. खरं तर जबड्याचं हाड झिजून कवळी सैल होते, डेंटिस्टकडून रिलाइन (कवळीला आतून नवा थर देऊन नीट बसवणं) करून घ्या.