प्रश्न उद्भवत नाही

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग दिसला, दुसऱ्यांदा त्या रागाखालचा अपमान. ज्या उमेदवाराच्या अर्जावर तू सूचक म्हणून सही केलीस, ज्याच्यासाठी आठ दिवस सोसायट्यांचे जिने चढलीस, त्याने माघारीच्या शेवटच्या दिवशी अर्ज काढून घेतला आणि फोन बंद करून ठेवला. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेच्या मतदानासाठी तू केंद्रावर गेलीस तेव्हा प्रभागातल्या चार जागांपैकी तीनच जागांसाठी बटणं दाबायची होती. चौथी बिनविरोध. राज्यात त्या वेळी अशा डझनावारी जागा मतदानाआधीच निघून गेल्या. तू लिहितेस, "मास्तरकाका, समोर उभं राहायलाच कुणी तयार नसेल तर मत कशाला? यापुढे मी मत देणार नाही."

तुझी समजूत काढण्यासाठी हे लिहीत नाही. तुझा राग योग्य आहे आणि तो विझू नये असंच मला वाटतं. फक्त तो कुठे लावायचा, याबद्दल मला चार गोष्टी सांगायच्या आहेत. त्यातल्या बऱ्याचशा मी आमदार निवासात शिकलो.

आधी खरं ते मान्य करू. जून २०२४ मध्ये याच महाराष्ट्राने लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला दिल्या होत्या. सहा महिनेही झाले नाहीत तोवर, २३ नोव्हेंबरला, विधानसभेच्या २८८ जागांत त्याच तीन पक्षांना मिळून ४६ मिळाल्या. वीस, सोळा आणि दहा. मधल्या काळात काय केलं त्यांनी? अर्ज भरायचे शेवटचे दिवस आले तरी जागावाटपाचा घोळ मिटला नव्हता. सरकारने लाडक्या बहिणींना पंधराशे दिले, तर यांनी तीन हजारांचं आश्वासन दिलं. दुप्पट देऊ म्हणणं हे विरोधी पक्षाचं धोरण कसं होईल? कापसाला, सोयाबीनला भाव का नाही, कंत्राटी भरती का वाढते, शाळा का बंद पडताहेत, यावर गावोगाव उभं राहायला हवं होतं. तुझ्यासारखी पोरं तयार होती. त्यांना कुणी विचारलंच नाही.

आणि पक्ष फुटले, त्यावर मी काय बोलणार? २०२२ आणि २०२३ साली काय झालं ते तू कॉलेजात असताना पाहिलंस. सरकारला विरोध कर म्हणून निवडून दिलेला माणूस सरकारात जाऊन बसतो, तेव्हा मतदाराच्या हातात काय उरतं, हा तुझ्या पिढीचा खरा प्रश्न आहे. त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

पण "आमच्याकडे संख्याच नाही" हे जे तुला सांगितलं जातं ना, ते ऐकून घेऊ नकोस. डिसेंबर २०२५ चं नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याविना झालं. विधानसभेत एक दशांश जागा, म्हणजे २९, कुणाकडेच नाहीत असं कारण दिलं गेलं. विरोधी पक्षनेत्याच्या वेतन-भत्त्यांचा आपल्या राज्याचा १९७८ चा कायदा आहे. त्याला दोनच गोष्टी लागतात: विरोधातला सर्वांत मोठा पक्ष आणि पीठासीन अधिकाऱ्याची, म्हणजे अध्यक्षांची किंवा सभापतींची, मान्यता. दहा टक्के ही प्रथा आहे आणि ती आपल्याच विधानसभेने पाळलेली नाही. १९६२ साली २६४ पैकी २१५ आमदार काँग्रेसचे होते, शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे, पंधरा. विरोधी पक्षनेते होते कृष्णराव धुळप. १९७२ साली काँग्रेस २२२ आणि शेकाप सात! विरोधी पक्षनेते होते आपले दि. बा. पाटील. १९८५ च्या विधानसभेत जनता पक्षाचे वीस आमदार निवडून आले, म्हणजे आज सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाकडे आहेत तेवढेच, आणि निहाल अहमद व मृणालताई गोरे त्या खुर्चीवर बसले. दिल्लीत २०१५ साली भाजपला सत्तरपैकी तीन जागा मिळाल्या होत्या, तरी तिथे त्यांना विरोधी पक्षनेतेपद मिळालं.

तेव्हा ते पद मागणं रास्तच आहे, आणि ते न देणं हा सत्ताधाऱ्यांचा कोतेपणा आहे. पण खुर्ची मिळेपर्यंत काम थांबायला नको होतं. सात आमदारांच्या पक्षाचा नेता सभागृहात उभा राहिला की मंत्री फाईल उघडून बसत. त्या माणसाच्या हातात कागद असे, हे त्यामागचं कारण.

तू विचारशील, मला काय ठाऊक? सांगतो. ऐंशीच्या दशकात शाळेच्या सुट्ट्यांत मी आमच्या भागातल्या एका विरोधी आमदारांकडे लिहिण्याचं काम करायचो. उरणजवळच्या मोऱ्याहून लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला उतरायचं, तिथून आमदार निवास. खोलीत दोन खाटा, माणसं आठ. अर्ध्या माणसांच्या हातात अर्ज. माझं काम एकच, त्या अर्जांतून तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न, तयार करायचे.

पहिला प्रश्न मी लिहिला तो आमच्याकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दल. "तेथील रुग्णांचे अतोनात हाल होत आहेत, हे खरे आहे काय?" मला वाटलं, फार जळजळीत लिहिलंय. उत्तर आलं: "हे खरे नाही." खाली पुढच्या सगळ्या उपप्रश्नांना एकच ओळ: "प्रश्न उद्भवत नाही." आमदारांनी तो कागद माझ्या पुढ्यात ठेवला. म्हणाले, "मास्तर, हाल मोजता येत नाहीत. डॉक्टरची जागा कोणत्या तारखेपासून रिकामी आहे ते विचारा." मी गावी गेलो, केंद्रातल्या परिचारिकेकडून तारखा घेतल्या, रजिस्टर पाहिलं. पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारलं: अमुक तारखेपासून वैद्यकीय अधिकाऱ्याचं पद रिक्त आहे, हे खरे आहे काय, असल्यास, ते भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? या वेळी उत्तर आलं, "होय, हे खरे आहे." प्रश्न सभागृहात पुकारला गेला तेव्हा मंत्र्यांनी आश्वासन दिलं. दिलेलं आश्वासन पाळलं का हे बघणारी विधिमंडळाची वेगळी समिती असते, म्हणून आमदारांनी ते वहीत टिपून ठेवलं. दोन महिन्यांनी डॉक्टर आले.

बाळ, विरोधी पक्ष म्हणजे मुळात हेच काम. लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, पुरवणी मागण्यांवरच्या कपात सूचना, लोकलेखा समितीत महालेखापालांच्या अहवालावर घेतलेली साक्ष. टीव्हीवर यातलं काही दिसत नाही. पायऱ्यांवर फलक धरून उभे राहिलेले आमदार तेवढे दिसतात. फलक धरायला माझी हरकत नाही, पण त्यानंतर आत जाऊन काय विचारलं, हे तू विचारायला हवंस.

नक्षलवादी संघटनांना आळा घालायचा म्हणून सरकारने आणलेल्या जनसुरक्षा विधेयकाचं उदाहरण घे. संयुक्त समितीकडे लोकांच्या १२ हजारांहून अधिक सूचना आणि हरकती गेल्या होत्या. माणसांनी, संघटनांनी वाचून, कलमं काढून पाठवलेल्या. १० जुलै २०२५ ला विधानसभेत ते आवाजी मतदानाने मंजूर झालं. काहींनी शंका मांडल्या, पण स्पष्ट विरोध नोंदवला तो डहाणूचे माकपचे विनोद निकोले यांनी. एकट्याने. दुसऱ्या दिवशी परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. एवढ्या माणसांनी कागद पाठवले आणि त्यांच्यासाठी सभागृहात "नाही" म्हणायला एक आवाज निघाला, हे मला त्या नोव्हेंबरच्या पराभवापेक्षा जास्त लागलं. हरणं आपल्या हातात नसतं. "नाही" म्हणणं हातात होतं.

त्याच्या दहा-बारा दिवस आधीचंही आठव. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे शासन निर्णय २९ जूनला सरकारने मागे घेतले. २३० हून अधिक जागा निवडून आणलेल्या सरकारने! त्या लढ्याची सुरुवात शिक्षकांनी, पालकांनी, मराठीसाठी काम करणाऱ्या संस्थांनी केली होती. शासन निर्णयातला शब्द न् शब्द त्यांनी सोलून ठेवला होता. पक्ष नंतर आले, मोर्चाची तारीख जाहीर झाली, आणि मोर्चा निघायच्या आत निर्णय गेला. संख्या तीच, विरोधी पक्ष तेच. पण तयार कागद आणि उभी माणसं त्यांना बाहेरून मिळाली.

म्हणून तुला मी पक्ष सोड किंवा धर असं काहीच सांगत नाही. नवी मुंबई विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून २०२१ च्या जूनमध्ये तू मानवी साखळीत उभी होतीस, तेव्हा तुझं वय काय होतं! पण ते नाव कशातून आलं हे तुझ्या बरोबरच्या किती जणांना ठाऊक होतं? जानेवारी १९८४, जासई. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्याचं आंदोलन. दोन दिवसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. मी तेव्हा नवा मास्तर होतो, माझ्या वर्गातल्या पोरांच्या घरची माणसं त्या रस्त्यावर होती. त्या रक्तानंतरही घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचा शासन निर्णय निघायला १९९० साल उजाडलं. मधली सहा वर्षं काय चाललं होतं? सातबारे गोळा करणं, कुणाची किती गुंठे गेली याच्या याद्या, बैठकी, तारखा, पुन्हा याद्या. दि. बा. त्या काळात सत्तेत नव्हते. आज तुझ्या मामाची जी इमारत उभी आहे, ती त्या याद्यांवर उभी आहे.

आता तुझ्या मत न देण्याबद्दल. विधानसभेला नोटाला कितीही मतं पडली तरी पुढचा उमेदवार निवडून येतो. महापालिकेला आपल्या राज्य निवडणूक आयोगाचा २०१८ चा आदेश वेगळा आहे: नोटा पुढे गेला तर फेरनिवडणूक. म्हणजे तिथे नोटाला थोडं वजन आहे. पण बिनविरोध जागेवर ते बटणच नसतं. तुझ्या प्रभागात तुझं मत फुकट गेलं नाही, ते द्यायची वेळच येऊ दिली नाही. मग मत न देण्याची शपथ घेऊन तू कुणाला शिक्षा करणार? ज्याने अर्ज काढला त्याला तर तेच हवं आहे.

त्यापेक्षा त्या पक्षाच्या जिल्हा कार्यालयात जा. एकटी जाऊ नकोस, ज्यांनी प्रचार केला त्या सगळ्यांना घेऊन जा. लेखी विचारा: अर्ज कुणाच्या सांगण्यावरून मागे गेला, पक्षाने त्याच्यावर काय कारवाई केली, पुढच्या वेळी उमेदवार कोण ठरवणार. पोच घ्या. उत्तर नाही आलं तर महिन्याने परत जा. आपण सरकारला जाब विचारायला शिकलो, आपल्या पक्षाला विचारायला मात्र लाजतो. तो विरोधात आहे, बिचारा आहे, त्याला कशाला बोलायचं, असं वाटतं. या लाजेनेच ते सैल झाले.

दुसरं, मतदारयादी. यादीत घोळ आहे असं तुझे नेते सांगतात. असेलही, विचारलंच पाहिजे. पण प्रत्येक मान्यताप्राप्त पक्षाला बूथवर आपला प्रतिनिधी नेमून यादी तपासता येते. मतदान संपल्यावर किती मतं नोंदली गेली त्याचा कागद केंद्राध्यक्षाकडून मतदान प्रतिनिधीला मिळतो. २०२४ ला तू स्वतः केंद्रावर बसली होतीस. तो कागद तू घेतलास का? तुमच्या प्रभागातल्या किती केंद्रांवर यांचा माणूस शेवटपर्यंत बसला होता? हे मी तुला दोष द्यायला विचारत नाही. तुला तो मागायला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि शिकवणं पक्षाचं काम होतं.

तिसरं, निवडून आलेल्या विरोधी नगरसेवकांचा हिशेब ठेव. मृणालताई आधी नगरसेविका होत्या. गोरेगावच्या नळाला पाणी का येत नाही इथून त्यांचं काम सुरू झालं, आणि लोकांनी त्यांना "पाणीवाली बाई" म्हटलं. तुमच्याकडे टँकर कुणाचे, दर किती, फेऱ्या किती लागतात, याची एक वही घाल. महापालिकेत माहितीच्या अधिकाराखाली बिलं माग. मग ती वही घेऊन नगरसेवकाकडे जा आणि सांग, हा प्रश्न तुम्ही सभेत मांडायचा आहे, मी प्रेक्षक गॅलरीत बसणार आहे. एकदा मांडेल, दोनदा टाळेल. टाळलं तेही तारखेसकट वहीत लिही. पाच वर्षांनी दारात आला की वही उघड.

आणि हो, अभ्यास सोडायचा नाही. पूर्णवेळ कार्यकर्ता व्हायचं डोक्यात असेल तर आधी स्वतःची भाकरी स्वतः कमव. ज्याची भाकरी नेत्याच्या हातात, त्याला नेत्याला प्रश्न विचारता येत नाही. तुझ्या उमेदवाराचंही तसंच काही झालं असेल असं मला राहून राहून वाटतं.

पुढच्या रविवारी ये. दुपारी जेवायलाच ये, काकू वाट बघते आहे. येताना प्रभागाची यादी आण आणि टँकरची जी काही बिलं कुणाकडे असतील ती. कोऱ्या फुलस्केपचा गठ्ठा माझ्याकडे आहे. पहिला प्रश्न आपण दोघं मिळून लिहू, तारखेसकट.

तुझा,
मास्तरकाका