अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधले 'बेअर' ब्रायंट एवढे मोठे का मानले जातात?

आधी एक सांगतो, हे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचं, हेल्मेट घालून खेळायचं अमेरिकन फुटबॉल.

पॉल ब्रायंट यांचा जन्म १९१३चा, आर्कान्सातल्या गरीब शेतकरी घरातला. पोरवयात गावच्या थिएटरात पैशांसाठी अस्वलाशी झुंजले, म्हणून 'बेअर'. (पैसे काही मिळाले नाहीत, असं ते स्वतःच सांगत.) अलाबामा विद्यापीठाकडून खेळताना तर मोडक्या पायाने मैदानात उतरले होते.

कोच म्हणून आधी मेरीलँड, केंटकी, मग टेक्सास ए अँड एम, ही सगळी विद्यापीठंच. इथली १९५४ची गोष्ट गाजलेली आहे. जंक्शन नावाच्या गावी भर दुष्काळात शिबिर घेतलं. कडक ऊन, सरावात पाण्याला बंदी. निम्म्याहून जास्त पोरं पळून गेली, एकजण उष्माघाताने मरता मरता वाचला. त्या हंगामात जिंकले किती? दहापैकी एक सामना! दोन वर्षांनी मात्र हाच संघ अपराजित राहून आपल्या गटाचा विजेता ठरला. लोक याला जिद्द म्हणतात, मला तो निव्वळ अघोरीपणा वाटतो.

खरं नाव झालं ते अलाबामात. १९५८ ते १९८२, सहा राष्ट्रीय विजेतेपदं. कारकिर्दीत एकूण ३२३ विजय, वरच्या श्रेणीतल्या कॉलेज कोचेसमध्ये तेव्हाचा विक्रम. अलाबामाच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू मात्र १९७०च्या सुमारास आले, तोवर बराच उशीर झाला होता.

डिसेंबर १९८२मध्ये शेवटचा सामना जिंकून निवृत्त झाले आणि महिनाभरातच हृदयविकाराने गेले.