रात्री चारीठाव स्वयंपाकाचा हट्ट कशाला?

रात्रीच्या स्वयंपाकाबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर सांगली-साताऱ्याकडून बरीच पत्रं आली. सगळी इथे मावणार नाहीत. जी घेतली आहेत ती थोडक्यात देते.

प्रश्न : मी बँकेत नोकरीला आहे, घर विश्रामबागला. घरी पोचायला सव्वासात होतात, यजमानही त्याच सुमारास येतात. पोळ्या, भाजी, वरण, भात होईपर्यंत साडेनऊ वाजतात. मुलं तोवर बिस्किटं खाऊन पोट भरतात. सासूबाईंना रात्रीही चारीठाव लागतं. लवकर होईल आणि अंगीही लागेल असं काय करू?

ताई, रोज रात्री चारीठाव झालंच पाहिजे असं आहारशास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. उलट पोळीही आणि भातही, असं पान वाढलं की धान्य दोनदा येतं आणि आमटी-भाजी वाटीच्या तळाशी राहते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत दिवसाच्या ऊर्जेपैकी धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंत ठेवा, असं आहे. आपल्याकडच्या पानात तो सहज त्याच्या वर जातो. म्हणून रात्रीपुरता एकच नियम करा: धान्य एक. भाकरी असेल तर भात नाही, भात असेल तर पोळी नाही. तुमचा अर्धा तास इथेच वाचतो.

आता राहिलं काय, तर एक डाळ किंवा कडधान्य आणि एक भाजी. दोन्ही एकाच भांड्यात झाली तर आणखी उत्तम. आपल्या भागातला अख्खा मसूरच घ्या. ढाब्यावर खातो म्हणून तो बाहेरचा पदार्थ वाटतो, पण घाईच्या दिवसाला त्याच्यासारखा दुसरा नाही. अख्खे मसूर भिजवले नाहीत तरी कुकरच्या चार-पाच शिट्ट्यांत शिजतात, आणि १०० ग्रॅम कोरड्या मसुरात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात. ढाब्यावर वर तरंगतं तेवढं तेल घालायचं कारण नाही, चौघांना दीड-दोन चमचे पुरतं. कांदा-टोमॅटो परतताना त्यातच मूठ-दोन मूठ चिरलेला पालक किंवा मेथी टाका. वरून लिंबू पिळायला विसरू नका. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे मसुरातलं लोह अंगाला लागतं. जेवण झालं की लगेच चहा घेणारे असतील, तर त्यांना तासभर थांबवा. चहा नेमकं उलटं काम करतो.

दुसऱ्या रात्री खिचडी, पण तांदूळ दोन वाट्या आणि डाळ चिमूटभर अशी नको. मूगडाळ आणि तांदूळ समसमान, त्यात गाजर, फरसबी, दुधी असेल ते. सोबत ताक किंवा दही. तिसऱ्या रात्री पिठलं-भाकरी, बरोबर काकडी-टोमॅटोची कोशिंबीर. अंडी चालत असतील तर अंड्याची आमटी. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात.

संध्याकाळी वेळ शिजण्यात फारसा जात नाही. निवडणं, सोलणं, चिरणं आणि ‘आज काय करू?’ यात जातो. म्हणून थोडं काम सकाळकडे सरकवा. मटकीचं उदाहरण देते. सोमवारी सकाळी निघताना वाटीभर मटकी भरपूर पाण्यात टाकून जा. रात्री पाणी काढून टाका, स्वच्छ धुवा, ओल्या सुती कापडात सैल बांधून चाळणीत ठेवा. चाळणीखाली ताटली. उन्हाळ्यात मंगळवारी सकाळीच टपोरे मोड दिसतात, थंडीत संध्याकाळ उजाडते. मोड आले की लगेच फ्रीजमध्ये, नाहीतर वास यायला लागतो. उसळीला नंतर वीस मिनिटं पुरतात.

रविवारी एकदाच कांदा-खोबरं-लसूण भाजून वाटण करा. तीन-चार दिवसांचं फ्रीजमध्ये, बाकीचं छोट्या डब्यांत फ्रीझरला. मेथी-पालक मात्र धुऊन ठेवू नका. निवडून, कोरडीच कागदात गुंडाळून ठेवा, आणि करायच्या वेळीच धुवा. आठवड्याची सगळी भाजी रविवारी चिरून ठेवण्याची जी टूम निघाली आहे, ती मला पटत नाही. चव जाते, क जीवनसत्त्वही कमी होतं, आणि गुरुवारपर्यंत डब्याच्या तळाला पाणी साचतं.

मुलांच्या बिस्किटांचं कारण साधं आहे: त्यांना सहाला खरीच भूक लागते. सहालाच नीट खायला द्या. भाजलेले शेंगदाणे-फुटाणे, एखादं केळं, उकडलेलं अंडं. भडंग द्यायचं तर द्या (सांगलीत राहून भडंगाला नाही कोण म्हणणार!), पण त्यात मूठभर फुटाणे आणि चिरलेला कांदा-टोमॅटो घाला. मग आठला ती जेवायला त्रागा करत बसणार नाहीत.

आणि सासूबाई. त्यांचं चारीठाव रविवारी दुपारी होऊ द्या, अगदी साग्रसंगीत. एरवी मेथी निवडणं, लसूण सोलणं ही बसल्या जागची कामं त्यांच्याकडे सोपवून पाहा. तयारीत हात लागला की ताटात काय कमी आहे याची मोजदाद आपोआप कमी होते, असं मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

प्रश्न : यजमान कुपवाड एमआयडीसीत आहेत. दुसरी पाळी असली की घरी यायला साडेअकरा-पावणेबारा होतात. मी आठला स्वयंपाक करून भात-आमटी ओट्यावर झाकून ठेवते. हे बरोबर आहे का?

भाकरी आणि चटणी राहिली तर हरकत नाही. भात-आमटी मात्र नको, उन्हाळ्यात तर अजिबात नको. तांदळातल्या काही जिवाणूंची बीजं उकळूनही मरत नाहीत. भात कोमट होऊन तसाच राहिला की ती वाढतात आणि विष तयार करतात. ते विष नंतर भात गरम केल्यानेही जात नाही. ‘गरम केला की झालं’ हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात अन्न जितका वेळ राहील तितकी जोखीम. हॉटपॉटमध्येही भात हळूहळू कोमट होत जातो.

त्यांच्या वाट्याचा भात आधीच बाजूला काढा, ताटात पसरून वाफ जाऊ द्या आणि तासाभरात डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. आमटीही तशीच. आल्यावर लागेल तेवढंच काढून चांगली वाफ येईपर्यंत गरम करायचं. उरलेलं पुन्हा फ्रीजमध्ये घालून उद्या पुन्हा गरम, असं नको.

खरं तर मी तुम्हाला वेळच बदलायला सांगेन. मुख्य जेवण डब्यात द्या, म्हणजे ते जेवणाच्या सुट्टीत पोटभर जेवतील. रात्री घरी आल्यावर गरम मुगाचं कढण, किंवा दूध आणि एखादं फळ. मध्यरात्री भरपेट जेवून लगेच आडवं झालं की छातीत जळजळ होते, आणि गोळी घेऊन झोपायची सवय लागते.

प्रश्न : आम्ही मूळचे कोरेगावकडचे. गावाहून वाघ्या घेवडा येतो, पण आठवड्यात करायचं धाडस होत नाही. शिजायला फार वेळ लागतो. इलेक्ट्रिक स्लो कुकरमध्ये सकाळी लावून गेलं तर चालेल?

स्लो कुकरमध्ये नको, आणि हे जरा ठासून सांगते. घेवडा हा राजम्याच्या जातीचाच. त्यात नैसर्गिकरीत्या लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं. ते नीट उकळलं नाही तर उलट्या-जुलाब होतात. मंद आचेवर अर्धवट तापलेला घेवडा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. प्रेशर कुकरमध्ये ही अडचण राहत नाही.

वेळेचं म्हणाल, तर तो भिजवण्यात जातो आणि भिजवायला तुम्ही समोर लागत नाही. सकाळी निघताना भिजत घाला. संध्याकाळी ते पाणी फेकून द्या, ताजं पाणी घालून शिजवा. एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून वीस मिनिटं. दाणा बोटांत दाबला की आतपर्यंत पिठूळ लागला पाहिजे, मध्ये कडक कण राहता कामा नये. दुप्पट शिजवा आणि निम्मा पाण्यासकट फ्रीझरला टाका. पुढच्या आठवड्यात फोडणी दिली की आमटी तयार. भौगोलिक मानांकन मिळालेला घेवडा घरी पडून राहतो आणि आपण दुकानातून राजमा आणतो, हे काही बरं नाही!

प्रश्न : सासऱ्यांना मधुमेह आहे, मुलं वाढत्या वयाची. दोन वेगळे स्वयंपाक करावे लागतात. (तासगाव)

करू नका. स्वयंपाक एक, वाढणं वेगळं. उसळ, पालेभाजी, कोशिंबीर सगळ्यांना तीच. सासऱ्यांच्या पानात भाजी-उसळ आधी आणि जास्त, शाळूची भाकरी एक. मुलांना त्याच उसळीबरोबर दोन भाकऱ्या, तूप, वर दूध. शाळूची भाकरी चांगलीच, पण मधुमेहाला ती हवी तितकी खा, असं मात्र नाही; साखर तिनेही वाढते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्या जेवणाला उशीर होऊ देऊ नका. ठरल्या वेळी त्यांना आधी वाढा, बाकीच्यांची वाट पाहायला लावू नका. औषधाची वेळ बदलायची असेल तर ते डॉक्टरांशीच बोलून.

प्रश्न : मुलगी भाजी पाहिली की तोंड फिरवते. रोज नूडल्स मागते. (मिरज)

आठवड्यातून एकदा द्या, भरपूर भाजी आणि अंडं किंवा पनीर घालून. मसाल्याची पुडी अर्धीच, त्यात मीठ फार असतं. बाकी दिवशी भाजी पानात एक घास एवढीच वाढा आणि त्यावर चर्चा नको. बाजारात तिला बरोबर न्या, भाजी तिला निवडू द्या. दहा-बारा वेळा चाखल्यावर एखादी चव आवडायला लागते.

प्रश्न : बायको आणि मी दोघेही नोकरीला. मला मदत करायची आहे, पण पोळ्या येत नाहीत, आणि बाकी काही केलं तर ती म्हणते पसाराच जास्त होतो. (कराड)

पोळ्यांवर अडू नका. आठवड्यातल्या दोन रात्री पूर्ण तुमच्या घ्या. त्या दिवशी काय करायचं हे ठरवणं, सामान आहे का बघणं, शिजवणं, ओटा पुसणं, सगळं तुमचं. ‘सांग काय करू’ असं विचारत उभं राहिलात तर डोकं तिचंच चालत राहतं, आणि त्याचाच थकवा जास्त असतो. सुरुवात खिचडीने करा. डाळ-तांदूळ एकेक वाटी, पाणी सहा वाट्या, हळद, मीठ, चिरलेली भाजी, चार शिट्ट्या. वरून लसणाची फोडणी. दुसऱ्या रात्री अख्खा मसूर, सोबत भाकऱ्या विकत आणा. तुमच्याकडे भाकऱ्या करून देणाऱ्या मावशी जवळपास कुठेतरी असतीलच. पोळ्या शिकायच्याच असतील तर रविवारी सकाळी शिका. बुधवारी रात्री आठला, मुलं भुकेली असताना नको.