मुळांभोवतीचे जिवाणू बदलून सोयाबीन आणि उसाचे उत्पादन वाढवता येते का?

चिकोडी भागातील सोयाबीन आणि उसाला जिवाणूंचा खरोखर उपयोग होतो का, की ही केवळ प्रयोगशाळेतील गोष्ट आहे, असे आपण विचारले आहे. मी निपाणीजवळ ही दोन्ही पिके घेतो, म्हणून अनुभवासह लिहितो.

सोयाबीनला उपयोग निश्चित होतो. हे पीक मूळचे आपल्याकडचे नसल्यामुळे, ज्या रानात ते पूर्वी कधी घेतलेले नाही तिथे त्याच्या मुळांवर गाठी करून नत्र बांधणारे, म्हणजे हवेतला नत्र पिकाला वापरता येईल असा करणारे, ब्रॅडीरायझोबियम जिवाणू बहुधा पुरेसे नसतात, आणि अशा रानात बीजप्रक्रियेचा, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला जिवाणू चोळण्याचा, फरक डोळ्यांना दिसतो. ब्राझीलमध्ये योहाना डोबेरायनर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी याच जिवाणूंवर भर दिला आणि आज तिथले बहुतेक सोयाबीन नत्रखताविना पिकते. मात्र जिथे वर्षानुवर्षे सोयाबीन होते, तिथे जुने जिवाणू आधीच ठाण मांडून बसलेले असतात. बाहेरून आणलेला जिवाणूंचा वाण नत्र बांधण्यात कितीही सरस असला, तरी मुळावर जागा मिळवण्यात तो त्यांच्यापुढे मागे पडतो. माझ्या मते या विषयातील खरी अडचण हीच आहे: जिवाणू सुधारणे जमते, त्यांना आपल्या काळ्या रानात टिकवणे अवघड जाते.

उसाच्या आतच राहून नत्र बांधणारा ॲसिटोबॅक्टर हा जिवाणू १९८८ मध्ये ब्राझीलमध्येच नोंदवला गेला. परंतु नत्र बांधायला जिवाणूला फार ऊर्जा लागते, त्यामुळे तयार नत्र भरपूर मिळाला की तो हे काम थांबवतो. म्हणजे बेणे त्याच्या द्रावणात बुडवून लावण करायची आणि युरिया मात्र पूर्वीइतकाच टाकायचा, यात फारसे हाती लागत नाही. खत असतानाही काम सुरू ठेवतील असे जनुकीय बदल केलेले जिवाणू अमेरिकेत मक्यासाठी विकले जातात.

एका वर्षी दुकानात उन्हात पडून राहिलेले सोयाबीनच्या जिवाणूंचे पाकीट मी आणले आणि एकही गाठ वाढीव दिसली नाही, कारण जिवाणू वाटेतच मेले होते. तेव्हापासून ताजे पाकीट घेतो, बुरशीनाशक आधी लावून जिवाणू शेवटी चोळतो, बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरतो. आपणही एक पट्टा प्रक्रियेविना ठेवावा आणि फुलोऱ्यात दोन्हीकडची झाडे मुळासकट अलगद उपटून गाठी कापून पाहाव्यात. आतून गुलाबी असलेली गाठच नत्र बांधत असते.